रोममधली रथशर्यतीची मैदानं कशी पाहावीत : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रोमला जाऊन आलेल्या कुणालाही सर्कस मॅक्सिमसबद्दल विचारा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : "काही नाही हो तिथं, नुसतं मैदान आहे." खोटं नाही ते. कोलोसियममध्ये शिरलं की भिंतीच सगळं सांगून टाकतात. इथं समोर गवत, धूळ, कुत्री फिरवणारे आजोबा आणि पळायला आलेली पोरं. जगातलं सगळ्यात मोठं रथशर्यतीचं मैदान म्हणून नाव ऐकलेलं असतं, म्हणून माणूस पाच मिनिटं उभा राहतो, एक सेल्फी काढतो आणि निघतो.

मुळात रोमची रथशर्यत एका ठिकाणी उरलेलीच नाही. मैदान एका जागी आहे, भिंती शहराबाहेरच्या दुसऱ्या मैदानात आहेत आणि मैदानांच्या मध्यभागी उभे असलेले इजिप्तचे स्तंभ आता शहरातल्या चौकांत आहेत. हे तुकडे कुठल्या क्रमानं पाहिले तर जुळतात, ते खाली टप्प्याटप्प्यानं लिहितो. इतिहास आधी वाचून जायची गरज नाही, चालायची तयारी मात्र हवी.

१. कोणतं मैदान बघायचं ते आधी ठरवा

रोममध्ये "स्टेडियम" म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक जागा रथांची नव्हती. इथंच नवखा माणूस पहिल्यांदा फसतो.

रथांची मैदानं ही (रोमन लोक अशा मैदानाला "सर्कस" म्हणत) :

- सर्कस मॅक्सिमस. स्थानिक पाट्यांवर "चिर्को मास्सिमो". शहराच्या मधोमध, पॅलेटाईन आणि अ‍ॅव्हेंटाईन या दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात.
- मॅक्सेंशियसची सर्कस. जुन्या अप्पिया रस्त्यावर, शहराच्या तटबंदीबाहेर. आकारानं लहान, पण रोमन काळातल्या अशा मैदानांमध्ये सगळ्यात चांगली टिकलेली.
- व्हॅटिकनमधली, कॅलिगुला आणि नीरो यांच्या काळातली सर्कस. ही सेंट पीटर्सच्या परिसराखाली गेली. वर दिसतो तो फक्त तिचा स्तंभ.

आणि ही रथांची नव्हेत :

- नवोना चौक. आकार हुबेहूब शर्यतीच्या मैदानाचा, पण हे डोमिशियन बादशहाचं मैदान धावपटू आणि मल्लांसाठी होतं. इथं रथ पळायचे असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. ऐकून घ्या आणि सोडून द्या.
- पॅलेटाईन टेकडीवरचं तथाकथित "स्टेडियम". तो राजवाड्याचा खोलगट बगीचा. कोलोसियमच्या तिकिटात हा भाग येतो आणि "झालं, सर्कस पाहून झाली" असं समजून लोक परत फिरतात.

पहिल्या दोन जागा नीट बघा. तिसरीचा स्तंभ व्हॅटिकनला जाल तेव्हा आपसूक दिसेलच.

२. कागदपत्रं आणि बरोबरचं सामान

युरोपात राहत असाल तर हा टप्पा सोडून पुढं जा. भारतातून निघणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी :

- पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला, दोन पानं कोरी असलेला
- भरलेला अर्ज आणि सांगितलेल्या मापाचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा
- जाण्यायेण्याचं विमान आणि राहण्याचं बुकिंग
- बँकेचं स्टेटमेंट, आयकराचं रिटर्न, नोकरदार असाल तर रजेचं पत्र

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुटीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळताना नाकी नऊ येतात, त्यामुळे पंधरा दिवसांच्या किमान मुदतीवर विसंबून बसू नका. आणखी एक अडचण नेहमीची : अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. पॅरिसला पाच दिवस आणि रोमला तीन असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो, इटलीकडे नाही.

फिरताना पासपोर्ट किंवा त्याची चांगली प्रत जवळ असू द्या. कोलोसियम आणि पॅलेटाईनची तिकिटं नावावर निघतात आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. तिकीट काढताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडं मधलं नाव कधी असतं, कधी गळतं आणि घोळ तिथंच होतो.

सामानात जाड तळव्याचे बूट, टोपी, रिकामी पाण्याची बाटली आणि फोनची पॉवर बँक एवढं पुरे. सर्कस मॅक्सिमसवर झाडं कडेला आहेत, मध्ये सावली शोधूनही सापडत नाही. अप्पिया रस्त्याचे काळे दगड दोन हजार वर्षं घासून गुळगुळीत आणि उंचसखल झालेत. तिथं चपला घालून गेलात तर संध्याकाळी पाय तक्रार करतील.

३. दिवस आणि वेळ

एप्रिल, मे आणि ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी मैदानात उतरू नका, तापलेल्या तव्यावर चालल्यासारखं होतं. शिवाय उन्हाळ्यात सर्कस मॅक्सिमसवर मोठमोठे संगीताचे कार्यक्रम होतात. रोलिंग स्टोन्स, ब्रूस स्प्रिंगस्टीन इथं गाऊन गेले आहेत. कार्यक्रमाच्या आगेमागे कित्येक दिवस मंच, पत्रे आणि लोखंडी जाळ्यांनी अर्धं मैदान झाकलेलं असतं. जाण्याआधी त्या आठवड्यात तिथं काही आहे का, एवढं शोधून ठेवा.

सोमवार टाळा. सर्कस मॅक्सिमसचा तिकिटाचा भाग आणि मॅक्सेंशियसची सर्कस, दोन्ही सोमवारी बंद असतात. मोकळं मैदान मात्र रोजच खुलं. तारखा जुळवता येत असतील तर २१ एप्रिल गाठा. तो परंपरेनं रोमचा स्थापनादिन. त्या सुमाराला सर्कस मॅक्सिमसवर रोमन वेशातल्या हौशी मंडळींचे खेळ आणि मिरवणुका असतात. शिरस्त्राण घातलेला सैनिक कोपऱ्यात उभा राहून फोनवर घरी बोलतोय, हे दृश्य पदरात पडतं.

४. पोहोचायचं कसं

तेर्मिनी हे मुख्य स्थानक. तिथून मेट्रोच्या बी लाइननं लाउरेंतिनाच्या दिशेची गाडी पकडा. कावूर, कोलोसेओ आणि तिसरं चिर्को मास्सिमो. बाहेर आलात की रस्त्यापलीकडं मैदानाचं पूर्वेकडचं टोक आणि मागं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची पांढरी इमारत.

साधं तिकीट १०० मिनिटं चालतं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच करता येतो. मेट्रोतून एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येत नाही. फाटकाला बँकेचं कार्ड लावूनही जाता येतं, मात्र माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर सगळं कुटुंब आत घ्यायला जाल तर तपासनीस दंड करेल. बसमध्ये चढलं की तिकीट यंत्रात घालून शिक्का मारायला विसरू नका. खिशात कोरं तिकीट असणं म्हणजे तिकीट नसणंच.

कोलोसियमहून चालतही येता येतं, पंधरा मिनिटांचं अंतर आहे.

५. आधी वरून बघा

मेट्रोतून बाहेर पडून थेट मैदानात उतरायचा मोह होतो. तो आवरा. खाली उभं राहिलं की आकार कळत नाही, फक्त गवत कळतं. डाव्या हाताला अ‍ॅव्हेंटाईनच्या बाजूनं जाणाऱ्या रस्त्यानं चढत जा. वर मात्सिनीचा पुतळा असलेला चौक लागतो. कठड्याशी उभे राहा.

इथून सगळं एका नजरेत येतं. सुमारे ६२० मीटर लांब आणि १२० मीटरच्या आसपास रुंद अशी ही खोलगट जागा. उजवीकडं, मेट्रोच्या बाजूला, गोलाईचं टोक. डावीकडं, टायबर नदीच्या बाजूला, रथ सुटायचे ते टोक. मधोमध गवताचा लांबट उंचवटा, ज्याभोवती फेऱ्या व्हायच्या. समोर पॅलेटाईनवर राजवाड्याच्या विटांच्या उंच कमानी. बादशहाची बैठक त्या बाजूला होती, घरातून उठून शर्यतीला यायचं इतकं जवळ.

संध्याकाळी चारनंतर जा. सूर्य तुमच्या पाठीशी येतो आणि त्या विटा उजळून निघतात. सकाळी उलट होतं, ऊन डोळ्यांवर येतं आणि फोटोत कमानी काळ्या पडतात.

त्याच उतारावर महापालिकेची गुलाबाची बाग आहे, वसंतात थोडेच आठवडे उघडी असते. तिथं पूर्वी रोमच्या ज्यू समाजाची दफनभूमी होती आणि त्याची आठवण म्हणून बागेतल्या वाटा सात फांद्यांच्या ज्यू दीपस्तंभाच्या आकारात आखल्या आहेत. वरून बघितलं की तो आकार ओळखू येतो.

६. मग खाली उतरा आणि एक फेरी चाला

या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि याला एक पैसा लागत नाही. डावीकडच्या, म्हणजे नदीकडच्या टोकापासून सुरुवात करा.

इथं बारा दरवाजे होते, प्रत्येकामागं एक रथ. खेळ भरवणारा अधिकारी वरून पांढरं कापड टाकायचा, ते पडलं की दरवाजे एकदम उघडायचे. मधल्या कट्ट्याची, म्हणजे आता गवताचा उंचवटा दिसतो त्याची, उजवी बाजू धरून रथ सुटायचे आणि टोकाला डावीकडं वळायचे. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. तुम्हीही तसंच चाला.

अशा सात फेऱ्या. कितवी फेरी चालू आहे हे प्रेक्षकांना कळावं म्हणून कट्ट्यावर सात मोठी अंडी ठेवलेली असत, प्रत्येक फेरीला एक हलायचं. इ.स.पू. ३३ मध्ये अग्रिप्पा या रोमन सेनापतीनं त्यात डॉल्फिनच्या आकृत्यांची भर घातली. हे सगळं आता कुठंही दिसत नाही. जुना धावमार्ग तुमच्या पायाखाली कित्येक मीटर गाळामातीत गाडलेला आहे.

चालत पूर्वेच्या टोकाला, मेट्रोच्या दिशेला या आणि गोलाईपाशी थांबा. खरा खेळ इथं व्हायचा. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीत घाट सरळ असतो, सगळी कसोटी वेगाची. इथं शर्यत वळणावर जिंकली किंवा हरली जायची. कट्ट्याच्या टोकाला वळणाचे खांब होते. त्यांना जितकं चिकटून वळाल तितकं अंतर वाचणार. चार घोड्यांच्या रथात अगदी डावीकडचा, म्हणजे आतला घोडा सगळ्यात भरवशाचा लागायचा, कारण सगळं वळण त्याच्यावर. जरा जास्त चिकटलं तर चाक खांबाला घासून रथाचे तुकडे. रोमन सारथी लगाम हातात धरण्याऐवजी कमरेभोवती गुंडाळत. रथ उलटला तर घोडे माणसाला फरफटत नेणार, म्हणून लगाम कापायला पट्ट्यात सुरी खोचलेली असे. गोलाईच्या गवतावर उभं राहून या सुरीचा विचार करा, "काही नाही हो तिथं" म्हणवत नाही.

सारथी चार संघांकडून उतरायचे : तांबडा, पांढरा, हिरवा आणि निळा. लोक घोड्यापेक्षा रंगावर जीव टाकत. गाइयस अप्पुलेइयस डिओक्लीस हा लुसिटानियाचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालकडचा सारथी. त्याच्या शिलालेखात हिशेबच मांडला आहे : २४ वर्षांत ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय आणि ३,५८,६३,१२० सेस्टर्स (रोमन नाणी) बक्षीस. वयाच्या ४२ व्या वर्षी तो निवृत्त झाला. एवढं जगणं ही त्या धंद्यात मोठी गोष्ट. स्कॉर्पस नावाच्या त्याच्याआधीच्या सारथ्यानं २,०४८ शर्यती जिंकल्या आणि तो २६-२७ व्या वर्षी गेला.

प्रेक्षक किती बसायचे यावर वाद आहे. रोमन लेखक प्लिनीनं अडीच लाख लिहिलंय, ग्रीक इतिहासकार डायोनिसियसनं दीड लाख. दीड लाख धरला तरी आजच्या कुठल्याही क्रिकेटच्या मैदानात ते मावणार नाहीत. बाहेरच्या अंगाला दुकानांची रांग होती. इ.स. ६४ मध्ये रोम जाळणारी ती मोठी आग लागली ती याच टोकाकडच्या, तेलातुपासारखा पटकन पेटणारा माल भरलेल्या दुकानांतून. पुढं ट्राजन बादशहानं मैदान दगडी बांधून काढलं. शेवटची शर्यत इ.स. ५४९ मध्ये झाली, ती भरवली तोतिला या गॉथ राजानं. मग पाणी साचलं, शेती झाली आणि एकोणिसाव्या शतकात तर गॅसची टाकीसुद्धा इथं उभी होती.

७. तिकिटाचा भाग

गोलाईच्या टोकाला जाळीआड खोदकाम दिसतं, तो भाग तिकीट काढून बघायचा. २०१६ मध्ये तो दुरुस्तीनंतर खुला झाला. तिकीट फार महाग नाही, पाच युरोंच्या आसपास असायचं. दर बदलतात, महापालिकेच्या संकेतस्थळावर बघून जा.

आत गेल्यावर हे चुकवू नका : प्रेक्षकांना वर नेणारे बोळ आणि जिने, बाहेरच्या बाजूचा दगडी रस्ता, दुकानांच्या खोल्या, पाण्याचं दगडी टाकं आणि शौचालयाचे अवशेष. खालच्या बोळांतून वजनदार मंडळी पुढच्या रांगांकडं जात आणि जिन्यांवरून सामान्य लोक वर. दीड-दोन लाखांचा जमाव चेंगराचेंगरी न होता आत-बाहेर कसा होत असेल, ते या बोळांतून चालताना लक्षात येतं.

जवळच जाडजूड संगमरवरी तुकडे पडलेले दिसतील. तीटस बादशहाच्या कमानीचे ते अवशेष. फोरमजवळ जी सगळेजण बघतात ती त्याची दुसरी कमान. इथली या गोलाईच्या मधोमध उभी होती. कोपऱ्यातला चौकोनी मनोरा मात्र रोमन नाही, मध्ययुगातला आहे. त्यावर चढायची सोय चालू असेल तर चढा, वरून मैदान लांबीच्या दिशेनं दिसतं.

डोळ्यांवर यंत्र चढवून जुनी सर्कस उभी करून दाखवणारा दौराही इथं आहे, २०१९ पासून. साधारण १२ युरो. मुलं बरोबर असतील तर घ्या, त्यांना गवतात रस नसतो आणि या दौऱ्यात ती खिळून राहतात. एकटे असाल आणि सहावा टप्पा नीट चालला असाल, तर नाही घेतला तरी चालेल. पाऊस असला तर दौरा सुरू आहे का, ते तिकीट काढायच्या आधी विचारा.

८. आता भिंती बघायला अप्पियाला

सर्कस मॅक्सिमसवर जे डोळे मिटून बघावं लागतं ते इथं उभं आहे. त्यामुळे क्रम उलटा करू नका. आधी ते, मग हे.

सर्कस मॅक्सिमसवरून ११८ क्रमांकाची बस अप्पियाकडं जाते. ती फार वेळानं येते आणि सुट्टीच्या दिवशी मार्ग बदलू शकतो, तेव्हा फोनवर वेळ बघूनच थांब्यावर उभे राहा. सेंट सेबॅस्टियनच्या भुयारी दफनभूमीचा थांबा धरा, तिथून पुढं चार-पाच मिनिटांवर डाव्या हाताला फाटक लागतं. पाट्यांवर मॅक्सेंशियसचं नाव "मास्सेन्त्सिओ" असं इटालियनमध्ये आहे. प्रवेश विनामूल्य.

धोक्याची सूचना : शहराच्या वेशीपासून या दफनभूमीपर्यंतचा अप्पिया रस्ता चालत करू नका. नकाशात तो अगदी रम्य दिसतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना उंच भिंती, पदपथ नाही आणि गाड्या अंगाला घासून जातात. चालायचंच असेल तर "दोमिने क्वो वादिस" चर्चपाशी सेंट कॅलिस्टसच्या आवारात शिरा. आतून सरूच्या झाडांची, वाहनं नसलेली वाट सेंट सेबॅस्टियनपर्यंत नेते. ते आवार बुधवारी बंद असतं.

मॅक्सेंशियस बादशहानं इ.स. ३०९ च्या सुमारास इथं राजवाडा, सर्कस आणि आपल्या मुलाची समाधी असं एकत्र बांधलं. रोम्युलस नावाचा हा मुलगा त्याच वर्षी लहानपणी वारला. ३१२ च्या २८ ऑक्टोबरला मिल्व्हियन पुलाच्या लढाईत प्रतिस्पर्धी बादशहा कॉन्स्टंटाईनकडून हरून मॅक्सेंशियस टायबरमध्ये बुडाला. बांधकाम जवळजवळ नवंच राहिलं आणि शहरापासून लांब असल्यानं पुढच्या रोमकरांनी त्याचे दगड तितके ओरबाडले नाहीत. पुढं कित्येक शतकं लोक याला कॅराकॅलाची सर्कस म्हणत. १८२५ मध्ये उत्खननात रोम्युलसच्या नावाचा शिलालेख मिळाला आणि खरा मालक कळला.

आत शिरल्यावर आधी पश्चिमेकडं, दोन उंच बुरुजांकडं जा. या बुरुजांमध्ये बारा दरवाजे होते. त्यांची रांग सरळ नाही, किंचित कमानीसारखी आणि तिरकी आहे. सरळ ओळीत ठेवले असते तर कडेच्या रथाला कट्ट्याच्या उजव्या बाजूला पोहोचायला जास्त अंतर पडलं असतं. तिरकेपणामुळं सगळ्यांना जवळपास सारखंच. त्याच हिशेबानं मधला कट्टाही भिंतींना समांतर न बांधता जरा तिरका घेतलाय : सुरुवातीला बारा रथ एकदम अंगावर येतात, तिथं वाट रुंद.

मग भिंतीच्या कडेनं चाला. विटांचा एक थर, दगडाचा एक थर अशी पट्ट्यांची बांधणी आहे. प्रेक्षकांच्या बैठकांखालच्या छताचा जो भाग तुटलाय तिथं वर बघा. काँक्रीटमध्ये मातीचे मोठे कुंभ आडवेतिडवे बसवलेले दिसतील, काहींची पोटं फुटून आतली पोकळी उघडी पडली आहे. तेल आणि मद्य वाहून आणणारे हे अंफोरा. छताचं वजन कमी करायला रिकामे कुंभ घातले आणि वर काँक्रीट ओतलं. असेच भूमध्य समुद्राकडचे अंफोरा आपल्या नेवाशाच्या उत्खननातही तुकड्यांच्या रूपात मिळाले आहेत. तिकडं मद्य संपल्यावर कुंभ छतात जायचे, इकडं गोदावरीच्या खोऱ्यात ते कशाला वापरले असतील कोण जाणे.

हे मैदान सुमारे ५१३ मीटर लांब आहे. गर्दी अजिबात नसते. दीड तास सहज जातो. पूर्वेच्या टोकाला विजयकमानीचं दार आहे तिथपर्यंत जा, बहुतेक जण बुरुजांपाशी फोटो काढून मागं फिरतात. बाहेर आल्यावर सेसिलिया मेटेलाची गोल समाधी जवळच आहे, तिथपासून पुढं अप्पियाचे जुने दगड सुरू होतात.

९. हरवलेले स्तंभ शोधा

ही गंमत शेवटच्या दिवशी, इतर ठिकाणं बघता बघता करा. रोमन लोक मधल्या कट्ट्यावर इजिप्तचे ओबेलिस्क उभे करत. पुढं मैदानं ओस पडली, बहुतेक स्तंभ कोसळले आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत पोपांनी, विशेषतः सिक्स्टस पाचवे यांनी, ते चौकाचौकांत उभे केले.

- पोपोलो चौक : ऑगस्टसनं इ.स.पू. १० मध्ये हेलिओपोलिसहून आणलेला. सर्कस मॅक्सिमसमधला पहिला स्तंभ हाच. इथं १५८९ पासून.
- लॅटरन चौक, सेंट जॉनच्या चर्चपाशी : इ.स. ३५७ मध्ये कॉन्स्टँशियस दुसरा यानं सर्कस मॅक्सिमसमध्ये बसवलेला. मूळचा कर्नाकचा, तुथमोस तिसरा याच्या काळातला. ३२ मीटर उंच, उभ्या असलेल्या प्राचीन ओबेलिस्कमध्ये सगळ्यात उंच. तीन तुकड्यांत सापडला होता, जोड बारकाईनं बघितले तर दिसतात.
- सेंट पीटर्स चौक : व्हॅटिकनच्या सर्कसचा. यावर चित्रलिपी नाही. १५८६ मध्ये डोमेनिको फोंतानानं तो आताच्या जागी हलवला.
- नवोना चौक : मॅक्सेंशियसच्या सर्कसमधला, आता बेर्निनीच्या चार नद्यांच्या कारंज्यावर. १६५१ पासून. त्याच्याखालच्या चार नदीदेवतांमध्ये एक आपली गंगा आहे, पुरुषाच्या रूपात. हातात लांब वल्हं असलेला दाढीवाला शोधा.

म्हणजे नवोनात रथ कधी पळाले नाहीत, पण रथांच्या मैदानातला स्तंभ तिथं येऊन बसलाय. पहिल्या टप्प्यात सांगितलेला गोंधळ वाढायला हेही एक कारण असावं.

१०. पाणी, पोट आणि पाकीट

रोममध्ये रस्त्यारस्त्यांवर सतत वाहणारे लोखंडी नळ आहेत. पाणी पिण्याचंच असतं. बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका. सार्वजनिक शौचालयं कमी. एखाद्या कॅफेत उभ्यानं एक कॉफी घेतली की त्यांचं वापरता येतं. उभ्यानं पिण्याचा आणि टेबलावर बसून पिण्याचा दर वेगळा असतो, बिल बघून दचकू नका.

शाकाहारी असाल तर मारिनारा पिझ्झा बिनधास्त घ्या, त्यात चीजही नसतं. तळलेला भाताचा गोळा "सुप्ली" दिसायला निरुपद्रवी, पण आत बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. विचारूनच घ्या. कडक शाकाहारी मंडळींनी हेही लक्षात ठेवावं की पेकोरिनो आणि पार्मेजान चीज विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला पदार्थ वापरतात.

बी लाइनच्या गर्दीत आणि बसमध्ये खिसेकापू असतात. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. कोलोसियमबाहेर कुणी हातात धागा किंवा कडं अडकवू लागलं तर हात मागं घेऊन चालू लागा. सैनिकाच्या वेशातल्या माणसाबरोबर फोटो काढलात की पैसे मागणारच, आधी ठरवा किंवा काढूच नका.

वेळ कमी असेल तर कुठं कात्री लावायची? एक पूर्ण दिवस असेल तर सकाळी लवकर अप्पिया आणि दुपारी चारनंतर सर्कस मॅक्सिमस असा बेत ऊन बघता सोयीचा पडतो. वर क्रम उलटा करू नका म्हटलं खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये उन्हापुढं ते गेलं खड्ड्यात. अर्धाच दिवस असेल तर मी सर्कस मॅक्सिमसचं तिकीट सोडेन, वरून बघून एक फेरी चालेन आणि ११८ पकडून अप्पियाला जाईन. आणि सोमवारच हाती असेल तर मात्सिनीच्या चौकातून मैदान बघा, खाली उतरून चाला आणि मेट्रोनं पोपोलो चौक गाठा. तेर्मिनीला बी लाइन सोडून ए लाइन धरायची, बत्तिस्तिनीच्या दिशेची. स्थानकाचं नाव फ्लामिनिओ.